इच्छेचा उच्चार आणि इच्छेचे समर्पण : ‘स्मृतिचित्रे’तील दैनंदिन ख्रिस्ती जीवनाचा एक विचार

प्रास्ताविक

लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’ (१९३४-३६) या आत्मचरित्राचा विचार मराठी समीक्षेने प्रामुख्याने तीन अंगांनी केलेला आहे. त्यातील प्रांजळपणा, त्यातील विनोद आणि त्यातून उभे राहणारे रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे व्यक्तिचित्र, ही ती तीन अंगे होत. अलीकडच्या काळात स्त्रीवादी दृष्टीनेही या ग्रंथाचे वाचन झाले आहे. तथापि, ‘स्मृतिचित्रे’ हा एका ख्रिस्ती स्त्रीने लिहिलेला श्रद्धेचा ग्रंथ आहे, ही बाब या सर्व वाचनांत काहीशी मागे पडते. धर्मांतराचा प्रसंग चर्चिला जातो. मात्र धर्मांतरानंतरच्या रोजच्या जगण्यात श्रद्धा नेमकी कशी वावरते, याकडे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही.

ख्रिस्ती जीवनदृष्टीच्या केंद्रस्थानी देवाच्या इच्छेपुढे स्वतःची इच्छा अर्पण करणे ही कल्पना आहे. उपासनेत, उपदेशात, सांत्वनात आणि घरगुती बोलण्यात ती सतत येते. ‘देवाची इच्छा’ हे शब्द जितक्या सहजतेने उच्चारले जातात, तितक्या सहजतेने त्यांचा गैरवापरही होऊ शकतो. दुबळ्याला गप्प बसविण्यासाठी, दुःखी माणसाचा प्रश्न मिटवून टाकण्यासाठी आणि एका माणसाची मर्जी दुसऱ्याच्या गळी उतरविण्यासाठीही हेच शब्द वापरले जातात. मग खरे समर्पण आणि लादलेली शरणागती यांत फरक कसा करावयाचा? ‘स्मृतिचित्रे’ या प्रश्नाचे तात्त्विक उत्तर देत नाही; परंतु घरातल्या लहानसहान प्रसंगांतून त्याची एक कसोटी वाचकाच्या हाती देते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

समर्पणाची संकल्पना : बायबलमधील आधार

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशूने शिष्यांना शिकविलेल्या प्रार्थनेत, स्वर्गात जशी देवाची इच्छा पूर्ण होते तशी ती पृथ्वीवरही व्हावी, अशी मागणी आहे. याच शुभवर्तमानाच्या सव्विसाव्या अध्यायात, गेथशेमाने बागेत, तीच मागणी येशू स्वतःसाठी करतो. या दोन स्थळांतील शब्दसाम्य अभ्यासकांनी वारंवार दाखविले आहे. शिष्यांना शिकविलेली प्रार्थना गुरूला स्वतःच्या मरणासमोर उच्चारावी लागते, हे त्या साम्याचे मर्म होय.

परंतु गेथशेमानेच्या प्रसंगात एक गोष्ट सहसा दुर्लक्षित राहते. पित्याच्या इच्छेचा स्वीकार करण्यापूर्वी येशू स्वतःची इच्छा स्पष्ट शब्दांत सांगतो. समोर आलेला दुःखाचा प्याला टळावा, असे त्याला वाटते आणि तसे तो मागतोही. ही प्रार्थना तो एकदा करून थांबत नाही. तीन वेळा करतो. म्हणजे येथे समर्पणाच्या दोन पायऱ्या आहेत. पहिली पायरी इच्छेच्या उच्चाराची आणि दुसरी इच्छेच्या अर्पणाची. ज्याने आपली इच्छा कधी बोलूनच दाखविली नाही, त्याने काय अर्पण केले? पौलानेही आपल्या शरीरातील काटा दूर व्हावा म्हणून तीनदा विनंती केली होती, असे करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तो नोंदवतो. ईयोबाच्या पुस्तकाचा शेवट या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. ईयोब देवाशी वाद घालतो, तर त्याचे मित्र देवाच्या न्यायाची तयार स्पष्टीकरणे देत राहतात. शेवटी देवाचा कोप होतो तो मित्रांवर. योग्य बोलल्याचे श्रेय ईयोबाला मिळते.

कर्मविपाकाच्या किंवा दैवाच्या कल्पनेहून ख्रिस्ती समर्पण वेगळे ठरते ते याच ठिकाणी. दैव ऐकत नाही, म्हणून दैवाशी भांडण्यात अर्थ नसतो. ते केवळ सोसावयाचे असते. ख्रिस्ती श्रद्धेतील देव ऐकणारा आहे, म्हणून त्याच्यासमोर आधी बोलावे लागते. मूक सोसणे आणि समर्पण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सूत्र पुढील विवेचनासाठी गृहीत धरले आहे.

टिळकांचे अभंग : पूर्णत्वाला गेलेले समर्पण

नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनी फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. अमेरिकन मराठी मिशनशी त्यांचा दीर्घकाळ संबंध राहिला आणि ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादनही त्यांनी केले. मराठी ख्रिस्ती समाजाला त्यांनी दिलेले सर्वात मोठे देणे म्हणजे त्यांची भक्तिगीते, अभंग आणि कीर्तने. पाश्चात्त्य चालींवर बसविलेल्या भाषांतरित गीतांच्या जागी त्यांनी टाळ-मृदंगाला साजेल अशी भाषा आणली. आपण तुकारामाच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत आलो, अशी त्यांची स्वतःची धारणा होती. ‘उपासना संगीत’मधील त्यांची पदे मराठी मंडळ्यांत आजही गायिली जातात.

या रचनांमधील मुख्य भाव समर्पणाचा आहे. मात्र त्या समर्पणाचे स्वरूप लक्षात घ्यावयास हवे. अभंगात ‘मी’ आणि ‘तू’ असे दोघेच असतात. भक्त आणि ख्रिस्त यांच्यामध्ये तिसरे कोणी नसते. घर नसते, मुले नसतात, वाण्याची उधारी नसते. आत्मनिवेदन ज्या क्षणी परिपूर्ण होते त्या क्षणाला अभंग शब्दरूप देतो. त्यामुळे तेथे समर्पण हे बहुधा घडून गेलेले असते. ते घडत असताना दिसत नाही. वारकरी परंपरेत देवाशी भांडणारे, त्याला बोल लावणारे अभंगही विपुल आहेत. तुकारामांनी विठ्ठलाला जाब विचारण्यात कसर ठेवलेली नाही. टिळकांनी त्या परंपरेतून आर्जव आणि तादात्म्य अधिक घेतले, भांडण कमी घेतले, असे त्यांची भक्तिपर रचना वाचताना जाणवते.

यात काव्याचा दोष आहे असे नाही. सामुदायिक उपासनेसाठी लिहिलेल्या पदाला निश्चयाचा सूर लागतो. परंतु एका माणसाने देवाला सर्वस्व वाहिले, तेव्हा त्या ‘सर्वस्वा’त कोणाकोणाचे काय होते, हा प्रश्न अभंगाच्या रचनेत बसत नाही. तो बसतो गद्यात, आणि मराठीत तो लक्ष्मीबाईंच्या गद्यात बसला.

‘स्मृतिचित्रे’ : समर्पणाची किंमत आणि ती मोजणारे हात

लक्ष्मीबाईंचा (१८६८-१९३६) विवाह १८८० मध्ये झाला. टिळकांच्या बाप्तिस्म्याची वार्ता आली तेव्हा त्या लहान मुलासह नातलगांच्या आधाराने राहत होत्या. पतीने सत्यासाठी सर्वस्वाचा त्याग केला, असे चरित्रकार लिहील. आणि ते खरेही आहे. परंतु त्या त्यागात पत्नीचे सौभाग्य, तिचे माहेर, तिची पंगत आणि मुलाचे भवितव्यही आपोआप ओढले गेले. ज्या वस्तू टिळकांनी देवाला वाहिल्या, त्यांपैकी काही त्यांच्या एकट्याच्या नव्हत्या. ‘स्मृतिचित्रे’त हे सत्य कोठेही आरोपाच्या स्वरूपात येत नाही, मात्र ते लपवलेलेही नाही. त्या काळातील आक्रोश, वेडेपिसेपण आणि नातेवाइकांची धडपड यांचे वर्णन लक्ष्मीबाई त्याच हाताने करतात ज्या हाताने पुढे ‘ख्रिस्तायन’ लिहितात.

यानंतर लक्ष्मीबाईंच्या स्वतःच्या बाप्तिस्म्यापर्यंत सुमारे पाच वर्षे गेली. हा कालावधी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने कळीचा आहे. पतीच्या मागोमाग पत्नी गेली, पातिव्रत्याने केवळ देवघर बदलले, असा आक्षेप या धर्मांतरावर घेता येण्याजोगा आहे. ग्रंथातील क्रम मात्र या आक्षेपाला दुजोरा देत नाही. पतीजवळ राहावयास आल्यानंतरही त्यांनी आपले सोवळे-ओवळे आणि स्वयंपाकपाणी वेगळे ठेवले. जातिभेद देवाने केलेला नसून माणसाने केलेला आहे, हा निष्कर्ष त्यांनी स्वतःच्या विचाराने काढला आणि तो बाप्तिस्म्याच्या आधी काढला. म्हणजे टिळकांच्या इच्छेला त्यांनी पाच वर्षे होकार दिला नाही. आणि दिला तेव्हा तो टिळकांना दिलेला होकार राहिलेला नव्हता. येथे गेथशेमानेतील पहिली पायरी स्पष्ट दिसते. ‘नको’ म्हणण्याची मुभा ज्याला होती, त्याच्याच ‘हो’ला समर्पणाचे मोल येते.

बाप्तिस्म्यानंतरचे जीवन हा ‘स्मृतिचित्रे’चा मोठा भाग आहे. तत्कालीन अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) आणि राहुरी येथील संसारात टिळकांच्या हाती पैसा टिकत नाही. गरजू दिसला की ते हातचे देऊन मोकळे होतात. पाहुणे, विद्यार्थी, पोरकी मुले घरात येतात आणि राहतात. टिळकांच्या दृष्टीने हा उद्याची चिंता न करण्याचा, आकाशातील पाखरांसारखे जगण्याचा धडा आहे. परंतु उद्याची चिंता पतीने केली नाही म्हणजे चिंता नाहीशी झाली असे होत नाही. ती चुलीपाशी जाऊन बसते. आलेल्या प्रत्येक तोंडाला भाकरी लागते आणि ती कोणीतरी थापावी लागते. एकाचा विश्वास दुसऱ्याच्या श्रमावर उभा आहे, ही जाणीव या प्रसंगांच्या वर्णनात सतत जागी असते.

तरीही लक्ष्मीबाई या औदार्याच्या विरोधात उभ्या राहत नाहीत. त्या रागावतात, वाद घालतात, कधी रुसतात. आणि मग त्याच मुलांना आपली मानून वाढवितात. घरातील एका मुलीला प्लेग झाला, तेव्हा तिच्याबरोबर प्लेगच्या इस्पितळात जाऊन त्या राहिल्या आणि तेथील इतर रुग्णांचीही त्यांनी शुश्रूषा केली. हा भाग लिहिताना आपण देवाच्या इच्छेला शरण गेलो, अशा भाषेचा डामडौल त्या करीत नाहीत. मुलगी आजारी आहे, तिच्याजवळ कोणीतरी असावयास हवे, म्हणून आपण गेलो, इतका साधा त्या कृतीचा तर्क आहे. टिळकांच्या औदार्यातून घरात आलेले कर्तव्य येथे लक्ष्मीबाईंनी स्वतःचे केलेले आहे. लादलेले ओझे आणि उचललेले ओझे यांचे वजन सारखेच असू शकते. फरक असतो तो उचलणाऱ्याच्या संमतीत.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडून ख्रिस्ती संन्यास पत्करला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ ही कल्पना साकारण्याचा प्रयत्न केला. हिंदी ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासात या घटनेचे महत्त्व मोठे आहे. परकीय मिशनच्या वेतनाविना आणि पंथभेदाविना ख्रिस्ताचे शिष्यत्व आचरता येते, असा त्यामागील दावा होता. परंतु गृहस्थाने घेतलेल्या संन्यासात गृहिणीचे स्थान काय, हा भारतीय परंपरेतील जुना प्रश्न तेथेही उरतोच. वेतनाचा त्याग हा कधीच एकट्याचा त्याग नसतो. ‘स्मृतिचित्रे’च्या वाचकाला हा प्रश्न वेगळा सांगावा लागत नाही; तोवरच्या शेकडो पृष्ठांनी त्याला तो विचारावयास शिकविलेले असते.

विनोदाचे धार्मिक कार्य

लक्ष्मीबाईंच्या विनोदाची चर्चा करताना तो निर्मळ आहे, स्वतःवरही उलटणारा आहे, असे सांगितले जाते. त्या विनोदाचे आणखी एक कार्य प्रस्तुत विषयाच्या संदर्भात मांडावेसे वाटते. हा विनोद पती आणि परमेश्वर यांच्यातील अंतर राखतो.

टिळक हे तेजस्वी, लहरी, उतावीळ आणि विलक्षण प्रेमळ असे व्यक्तिमत्त्व होते. अशा माणसाच्या सहवासात त्याची इच्छा आणि देवाची इच्छा यांची सरमिसळ होणे सोपे असते. विशेषतः ‘पती हाच देव’ हे ज्या संस्कारांनी शिकविले, त्या संस्कारांत वाढलेल्या स्त्रीच्या बाबतीत ते अधिक सोपे होते. लक्ष्मीबाईंचे पतीवर उत्कट प्रेम होते, त्यांच्याविषयी नितांत आदर होता. तो त्यांनी कधी लपविला नाही. परंतु टिळकांचे विसराळूपण, त्यांचा तडकाफडकी राग, एका कामाला निघून भलतेच काही करून परतण्याची त्यांची रीत यांवर त्या मनमोकळेपणाने हसतात. ज्याच्यावर आपण हसू शकतो त्याच्यावर प्रेम करता येते, त्याची सेवा करता येते. त्याला देव मात्र मानता येत नाही. म्हणून हा विनोद श्रद्धेच्या आड येत नाही. तो श्रद्धेला योग्य ठिकाणी पोहोचवितो.

या दृष्टीने पाहता लक्ष्मीबाईंचे गद्य टिळकांच्या अभंगांपेक्षा जनाबाईच्या अभंगांना अधिक जवळचे वाटते. जनाबाईच्या भक्तीत दळण आहे, कांडण आहे, शेणगोठा आहे. देव तेथे कामाला हात लावतो आणि प्रसंगी बोलणीही खातो. घरकामाच्या मधोमध उभी राहिलेली ही सलगी टिळकांनी तुकारामाकडून घेतलेल्या शरणागतीत फारशी उतरली नाही. ती त्यांच्या पत्नीच्या गद्यात उतरली. मराठी ख्रिस्ती साहित्याचा संत साहित्याशी असलेला अनुबंध केवळ अभंग-ओवीच्या छंदांत शोधणे अपुरे आहे, हेही यावरून ध्यानात येते.

पंडिता रमाबाई : एक तौलनिक संदर्भ

हाच प्रश्न वेगळ्या पातळीवर पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांच्या जीवनात दिसतो. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यानंतर काही काळातच त्यांचा तेथील धर्माधिकाऱ्यांशी व ज्यांना त्या आपल्या आध्यात्मिक माता मानीत त्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी मतभेद झाला. १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या पत्रव्यवहारातून या वादाचे स्वरूप कळते. नम्रता आणि आज्ञापालन हे ख्रिस्ती सद्गुण रमाबाईंनी अंगी बाणवावेत, असा आग्रह धरला जात होता. रमाबाईंची भूमिका अशी की, आज्ञापालन देवाचे. धर्माधिकाऱ्यांच्या मताचे नव्हे. एका पुरोहितशाहीतून महत्प्रयासाने सुटका करून घेतल्यावर दुसरीच्या हाती सदसद्विवेक सोपविण्यास त्या तयार नव्हत्या.

हीच रमाबाई पुढे केडगाव येथील मुक्ती मिशनच्या उभारणीत पूर्णतः देवावर विसंबून राहण्याची भाषा बोलतात. जॉर्ज म्युलर यांच्यासारख्या विश्वासावर संस्था चालविणाऱ्यांच्या चरित्रांचा आपल्यावर झालेला परिणाम त्यांनी स्वतः नोंदविला आहे. वरवर पाहता वाँटेजमधील बंडखोर रमाबाई आणि केडगावची शरणागत रमाबाई यांत विसंगती वाटते. परंतु पहिलीमुळेच दुसरी शक्य झाली. माणसांपुढे विवेक गहाण न टाकल्यामुळेच तो देवाला वाहण्यासाठी शिल्लक राहिला. शिवाय केडगावच्या ‘विसंबण्या’त विहिरी खोदणे होते, शेती होती, छापखाना होता, दुष्काळग्रस्त प्रदेशातून मुली-स्त्रियांना आणून त्यांना हातचे काम शिकविणे होते. १९२१ मध्ये एकुलती एक कन्या मनोरमा हिचा मृत्यू झाल्यावरही त्यांनी बायबलच्या भाषांतराचे काम तडीस नेले; ते त्यांच्या पश्चात १९२४ मध्ये पूर्ण ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. लक्ष्मीबाई आणि रमाबाई या दोघींच्याही जीवनात समर्पणाने हात बांधले गेले नाहीत, ते कामाला लागले.

अर्थात दोघींच्या मांडणीत भेद आहे. रमाबाईंची साक्ष ही प्रयोजनपूर्वक दिलेली साक्ष आहे; तिच्यात घटनांचा अर्थ देवाच्या योजनेच्या प्रकाशात निश्चित होत जातो. लक्ष्मीबाई बहुधा अर्थ सांगत नाहीत. घटना सांगून थांबतात. त्यामुळे श्रद्धेचा इतिहास म्हणून रमाबाईंचे लेखन अधिक स्पष्ट, तर श्रद्धेचा अनुभव म्हणून ‘स्मृतिचित्रे’ अधिक विश्वसनीय वाटते.

एक मर्यादा

वरील विवेचनावरून लक्ष्मीबाईंना आजच्या अर्थाने बंडखोर ठरविण्याचा मोह टाळावयास हवा. टिळकांच्या निधनानंतर त्या सुमारे सतरा वर्षे जगल्या. या काळात पतीने अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनी चिकाटीने पुढे नेले. तो ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. केवळ निषेधाच्या वृत्तीतून असे काम होत नाही. तसेच ‘स्मृतिचित्रे’ हे उतारवयात मागे वळून केलेले लेखन आहे, हेही विसरता येत नाही. जे त्या वेळी असह्य होते ते आठवणीत हसण्याजोगे झाले असणे शक्य आहे. म्हणून ग्रंथातील समजूतदार सूर हा प्रत्यक्ष प्रसंगांतील सूर होता, असे मानणे धोक्याचे ठरेल. परंतु या मर्यादेतही एक तथ्य आहे. समर्पण हे एका क्षणाचे कृत्य नसून दीर्घ काळ चालणारी क्रिया आहे, हे आत्मचरित्राचा वाङ्मयप्रकारच येथे सूचित करतो.

समारोप

‘स्मृतिचित्रे’तून हाती येणारी कसोटी अशी मांडता येईल. देवाच्या इच्छेचे नाव घेऊन जेव्हा काही अर्पण केले जाते, तेव्हा तीन प्रश्न विचारावेत. जे अर्पण केले ते अर्पण करणाऱ्याचे स्वतःचे होते काय? अर्पण करण्यापूर्वी त्याला आपली इच्छा बोलून दाखविण्याची मोकळीक होती काय? आणि त्या अर्पणाची किंमत शेवटी कोणाच्या हातांनी मोजली?

हे प्रश्न केवळ वाङ्मयीन नाहीत. अकाली गेलेल्या मुलाच्या आईला ‘देवाची इच्छा’ म्हणून लगेच गप्प केले जाते, मार खाणाऱ्या पत्नीला सोशिकतेचा उपदेश केला जातो, तेव्हा तेथे ईयोबाचे मित्र बोलत असतात. समर्पणाची भाषा बोलण्याचा अधिकार ज्याच्यावर प्रसंग आला आहे त्याचा असतो; पाहणाऱ्याचा नसतो. पाहणाऱ्याने प्लेगच्या इस्पितळात सोबत राहावे, एवढेच लक्ष्मीबाईंच्या जीवनातून दिसते.

टिळकांच्या अभंगांनी मराठी ख्रिस्ती समाजाला समर्पणाची भाषा दिली, हे निर्विवाद आहे. ती भाषा घरात, स्वयंपाकघरात, आजारपणात आणि उधारीत बोलली गेली तर तिचे काय होते, हे लक्ष्मीबाईंच्या गद्याने दाखविले. दोहोंचे वाचन एकमेकांशेजारी ठेवून झाले पाहिजे. मराठी साहित्याच्या अभ्यासक्रमात ‘स्मृतिचित्रे’ हे स्त्री-आत्मकथन म्हणून शिकविले जाते, ते योग्यच आहे; त्याबरोबर श्रद्धेची रोजच्या जीवनात कसून तपासणी करणारा मराठीतील एक महत्त्वाचा धार्मिक ग्रंथ म्हणूनही ते शिकविले जावे, अशी अपेक्षा या ठिकाणी नोंदवावीशी वाटते.